माहेरपणाला आलेली झाडं

हिराबाय गेली होती आणि मी तिच्यासमोर बसून चहा पीत होते. गेल्या काही आठवड्यांत हे वाक्य मी भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलंय. सांगून सांगून ते तोंडपाठ झालंय, पण माझ्याच डोक्यात अजून शिरत नाहीये. हिराबाय ही माझी थोरली नणंद. भिवंडीत ज्यांच्या गच्चीवर, गॅलरीत किंवा पत्र्यावर चार कुंड्या आहेत, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना ती ‘वळची बाय’ म्हणून ठाऊक असेल. वळ गावात दोन मोठ्या गोदामांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत तिची नर्सरी होती. नर्सरी म्हटल्यावर फुलांनी डवरलेली बाग डोळ्यासमोर आणू नका. वर हिरवी जाळी, एका बाजूला सिमेंटच्या पत्र्याची शेड, बांबूच्या मांडण्या आणि त्यांवर बुटकी, जाड बुंध्याची, पानं कमी आणि तोरा जास्त अशी झाडं. कमी पाण्यावर जगणारी झाडं एवढाच तिचा माल. गुलाब मागायला कोणी आलं तर ती त्याला दारातूनच वाटेला लावायची.

नवरात्र चालू होतं. घट बसून थोडेच दिवस झाले होते आणि बायचे उपास होते. माझं धामणकर नाक्याला ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. दुपारी लोडशेडिंग सुरू झालं की मशीनची मोटर बंद, इस्त्री बंद, मागच्या गल्लीतले यंत्रमागही बंद, आणि नाक्यावर एकाएकी माणसांचे आवाज ऐकू यायला लागतात. तेवढ्या वेळात शटर अर्धं ओढून शेअर रिक्षा पकडायची आणि वळला जायचं, हा माझा कित्येक वर्षांचा नेम. लोक लोडशेडिंगला शिव्या घालतात, पण मला माझी नणंद त्यामुळेच मिळाली. त्या दिवशी डब्यात वरीचा भात आणि दाण्याची आमटी होती, थर्मासमध्ये चहा होता. शेडमध्ये शिरले तर बाय खाटेवर आडवी, कुशीवर वळलेली, तोंडावर पदर. माश्या येतात म्हणून ती नेहमीच पदर घ्यायची. खाटेच्या बाजूला पोत्यावर एक झाड पडलं होतं, अर्ध्या मुळांची माती झटकलेली, अर्ध्याची तशीच. म्हटलं, उपासाने थकली असेल, हातातलं काम टाकून जरा पडली. मी आवाज न करता पालथ्या कुंडीवर बसले, माझ्यापुरता चहा ओतला आणि तिचा थर्मासमध्येच ठेवला. एक बाई काहीतरी विचारायला आत आली. मी ओठांवर बोट ठेवलं. ‘हळू. उपास आहे तिचा, आत्ताच डोळा लागलाय. संध्याकाळी या.’ आत्ताच डोळा लागलाय… हे मी कशावरून सांगितलं? ती बाई बिचारी पाय न वाजवता परत गेली. मग बसल्या बसल्या मी ते अर्धवट राहिलेलं झाड उचललं आणि बायनेच शिकवल्याप्रमाणे बुंधा अंगठ्याने दाबून बघितला. टणक लागला. ‘चांगलं आहे गं हे,’ मी हळू आवाजात तिला म्हटलं.

शेजारच्या गोदामात ट्रक मागे घ्यायला लागला. हे ट्रक वळताना रोज आमच्या जाळीला खेटतात, आणि बाय कितीही गाढ झोपेत असो, जाळी हलली की डोळेसुद्धा न उघडता ओरडायची, ‘ए मेल्या, आंधला हायेस का?’ ड्रायव्हरही खिडकीतून ‘सॉरी बाय’ म्हणायचा आणि पुढे काढायचा. त्या दिवशी ट्रक खेटला. जाळी हलली, वरून धुळीची भुकटी माझ्या चहात पडली. मी बायच्या ओरडण्याची वाट बघितली. ड्रायव्हरनेही बघितली असावी, कारण ट्रक क्षणभर तसाच थांबला… मी कप खाली ठेवला. पुढचं मला सलग आठवत नाही. पदर बाजूला केल्यावर दिसलेला चेहरा आठवतो, तो दाखवावा असा नव्हता आणि भीती वाटावी असाही नव्हता, बायचाच होता. ट्रकचा ड्रायव्हर जाळीतून आत आलेला आठवतो. डॉक्टर आले ते म्हणाले, हृदय बंद पडलं, मी यायच्या बऱ्याच आधी. ‘तुम्ही काही करू शकला नसतात,’ असं त्यांनी मला समजावलं. ते मला पटलंही. पण मला काही करायचं नव्हतंच हो डॉक्टर. मला नुसतं कळायला हवं होतं.

लग्न होऊन मी ह्या घरात आले ती भिवंडी शहरातूनच. अंतर फार नाही, पण बोली वेगळी, सवयी वेगळ्या. सासरी भातशेती होती, खाडीत जाळं टाकायची जुनी सवय होती आणि साधं ‘जेवलास का’सुद्धा भांडल्यासारखं विचारायची रीत होती. बाय तेव्हा माहेरीच होती. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा गेला. मूलबाळ नव्हतं, ती परत आली आणि परत आल्याबद्दल तिने कधी मान खाली घातली नाही. पहिल्याच आठवड्यात मी तिला विचारलं, ‘अहो बाय, तुम्ही जेवून घेता का?’ ती म्हणाली, ‘मी काय मामलेदार हाय का? तू बोल मना. तू बोललीस त भांडता येल.’ आणि खरंच, ‘तू’ म्हणायला लागल्यावर आमचं भांडण जमलं. मैत्री त्याच्या मागोमाग आली.

मग गावात गोदामं आली. बघता बघता भाताच्या खाचरांवर पत्र्याची छपरं उभी राहिली. आमच्याही घरच्या जमिनी गेल्या. घरातल्या लेकींच्या सह्या घेतात तशी बायचीही हवी होती. तिने ती दिली, पण एक कोपरा सोडून. ‘ह्या तुकड्यावर माझी सही मिलनार न्हाय. इथं मी बसनार.’ ‘बसून काय करनार?’ थोरल्या दिरांनी विचारलं. ‘बसनार,’ ती म्हणाली. काय करणार ते तिला तेव्हा ठाऊक नव्हतं, असं माझं मत आहे. काही महिने ती नुसती खाट टाकून तिथे खरोखरच बसली. येणारे-जाणारे हसायचे. ती हसणाऱ्यांना नावानिशी हाका मारून त्यांच्या घरातल्या भानगडी विचारायची, त्यामुळे हसणं लवकर थांबलं.

झाडांचं वेड तिला गणेशपुरीला लागलं. गुडघे धरायचे म्हणून ती तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात आंघोळीला जायची. एका घराच्या ओट्यावर, तेलाच्या डब्यात लावलेलं झाड तिने भर उन्हाळ्यात फुललेलं बघितलं. बुंधा भोपळ्यासारखा फुगलेला, पानं नावापुरती आणि वर गुलाबी फुलांचा थाट. घरमालकीण म्हणाली, हवं तर न्या, दर हिवाळ्यात मेल्याचं सोंग करतं, माझ्याने बघवत नाही. बायने तो डबा एसटीत मांडीवर घेऊन आणला. त्याला अडेनियम म्हणतात हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. वाळवंटातला गुलाब असंही म्हणतात, हे ऐकल्यावर ती भडकली. ‘गुलाब कसला? ना काटा, ना वास.’

ते पहिलं झाड तिने मारलं. मायेने मारलं. भातवाल्यांचा हात तो! गुडघाभर पाण्यात उभं राहून रोपं लावलेल्या माणसाला झाड म्हटलं की पाणीच सुचतं. हिवाळ्यात पानं गळायला लागली, तिने पाणी घातलं. आणखी गळली, आणखी घातलं. एक दिवस बुंध्याला हात लावला तर पिकलेल्या पपईत जावं तसं बोट आत गेलं. त्या दिवशी ती जेवली नाही. मग पुन्हा गणेशपुरी गाठली, त्याच बाईकडून त्याच झाडाचं बियांपासून झालेलं पोर मागून आणलं, तेलाच्या तसल्याच डब्यात लावलं, आणि पानं गळाली तेव्हा हात पाठीमागे बांधून बसून राहिली. पाणी न घालणं हे तिच्या आयुष्यातलं सगळ्यात कष्टाचं काम होतं, असं ती सांगायची. उन्हाळ्याच्या तोंडावर झाड पालवलं आणि बाय गावभर सांगत सुटली. तिथून तिचा तो मंत्र सुरू झाला, जो येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकावा लागायचा. ‘झोपलंय ते. झोपलेल्याला पाजू नये, उठंल तवा मागंल. मेलंय का झोपलंय त्ये दाबून बघायचं. डोल्यांनी कलत न्हाय.’ टणक लागलं तर जिवंत, पिचपिचीत लागलं तर गेलं.

आमच्या ह्यांना मात्र हा मंत्र कधी पचला नाही. हे बायचे सगळ्यात धाकटे भाऊ, तिचे लाडके. एका थंडीत ती गणेशपुरीला गेलेली असताना हे नर्सरीत डोकावले, निष्पर्ण झाडांच्या रांगा बघून ह्यांना गलबलून आलं आणि बहिणीवरच्या प्रेमाने ह्यांनी पाइप लावून सगळ्या मांडण्या न्हाऊ-माखू घातल्या. वर तीन-चार दिवस नेमाने जाऊन पुन्हा घातल्या. बाय परत आली तेव्हा निम्मी झाडं कुजून बसली होती. तिने आरडाओरडा केला नाही, तेव्हाच मी ओळखलं की हिच्या मनात काहीतरी शिजतंय. पुढच्या रविवारी हे जेवून दुपारचे घोरत पडलेले असताना ती आमच्या घरी आली, स्वयंपाकघरातून तांब्या भरून घेतला आणि सरळ ह्यांच्या तोंडावर ओतला. हे धडपडून उठले. ‘आंधली हायेस का गं? झोपलोय, दिसत न्हाय का?’ ‘त्यांना बी असाच वाटला असंल,’ ती म्हणाली आणि तांब्या जागेवर ठेवून चहा मागितला. आमच्या घरात पुढे कित्येक वर्षं ही गोष्ट पाहुण्यांना सांगितली जायची, आणि सांगताना सगळ्यात मोठ्याने हेच हसायचे.

ही झाडं भिवंडीला लागू पडली त्याचं कारण भिवंडीच तशी आहे. पावसाचे चार महिने सोडले तर बाकी वर्षभर इथल्या गच्च्या नुसत्या भाजतात. खाली माग, वर तापलेला स्लॅब, पाणी दिवसाआड, टँकरवाल्याच्या मर्जीवर. माणसांच्या आंघोळीचे वांधे, तिथे कुंड्यांना कोण विचारतो? रफीकभाई म्हणून एक यंत्रमागवाले बायचे जुने गिऱ्हाईक आहेत. ते म्हणायचे, ‘बाय, आमच्या छतवर चप्पल चिपकते, आणि तुमचं हे झाड फूल देतं. इसको अक्कल कम है क्या?’ बायला कलम बांधायला लागणारं सूत ते मागावरच्या उरलेल्या कांड्यांमधून आणून द्यायचे. नाक्यावरचे सबनीसकाका, निवृत्त, टापटिपीचे, डब्याडब्यांवर चिठ्ठ्या लावणारे, त्यांच्या गॅलरीत पांढऱ्या फुलांचं एक झाड होतं. ते बायला दरवर्षी काही ना काही सुधारणा सुचवायचे आणि ती दरवर्षी त्यांना उडवून लावायची. ती नेहमी बरोबर असायची असं मुळीच नाही. मागावरचा कापूस-कचरा कुंडीत भरला की गारवा राहतो, असं तिच्या डोक्यात एकदा बसलं. एका पावसात सगळ्या कुंड्यांमध्ये अळंब्या उगवल्या. ‘झाडाला आवडतंय त्ये,’ असं तिने ठोकून दिलं आणि विषय बदलला. शनिवारी नेलेलं झाड जगत नाही, हाही तिचाच शोध. त्यामुळे शनिवारी ती विकायचीच नाही, बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची.

पण तिची खरी ख्याती होती ती माहेरपणाची. आठ महिने उन्हात मजेत असणारी ही झाडं आपल्याकडच्या पावसात कुजतात. गॅलरीत झड आत येते, गच्चीवर कुंड्या भरतात, आणि आठवडाभरात बुंधा मऊ. म्हणून मृग लागायच्या आधी लोक आपापली झाडं रिक्षात घालून बायकडे आणून सोडायचे. ती शेडमध्ये राहायची आणि दसऱ्याला परत घरी जायची. त्यांना बाय माहेरवाशिणी म्हणायची. मोबदला म्हणजे एक नारळ. पाऊस ओसरला की ती एकेक झाड कुंडीतून उपसायची, मुळं झाडायची, सडकं कापायची, फांद्या छाटायची, सगळी झाडं उघडी करून पोत्यांवर सावलीत सुकवायची आणि कुंड्या घासून आकारवारीने रचायची. मग दसऱ्याच्या आदल्या दिवशी ज्याचं त्याच्या कुंडीत जरा वर उचलून लावायची, म्हणजे बुंधा आणखी दिसतो. कोणतं कोणाचं हे फक्त तिला ठाऊक. सबनीसकाका म्हणायचे, ‘बाय, नावं लिहून ठेवत जा हो. एखाद्या वर्षी घोटाळा होईल.’ ‘काका, माहेराला आलेल्या लेकीच्या गल्यात पाटी बांधतात का?’ दसऱ्याला प्रत्येक झाड दारातून बाहेर पडताना ती कमरेवर हात ठेवून ओरडायची, ‘सासरी नीट ठेवा! न्हायतर परत आनीन!’ आणि पुढच्या उन्हाळ्यात कोणाच्या गॅलरीखालून जाताना झाडाची हालत वाईट दिसली तर ती खरंच वर चढून परत आणायची. एवढ्या वर्षांत एकही झाड इकडचं तिकडे झालं नाही, आणि दसरा कधी चुकला नाही.

राख सावडून आल्यावर मी बायची खाट उचलायला नर्सरीत गेले. गेले आणि दारातच थांबले. पोत्यांवर सगळी झाडं तशीच पडली होती. उघडी, छाटलेली, बिनपानांची, एकीसारखी दुसरी. भिंतीशी घासलेल्या कुंड्या रचून ठेवलेल्या. मधल्या सगळ्या धावपळीत ह्या झाडांचा विचारच कोणाच्या मनात आला नव्हता. कोणतं कोणाचं? मी एकीकडून दुसरीकडे बघत गेले. बाय गेली हे त्या क्षणापर्यंत मी फक्त ऐकून होते, तिला अग्नी देऊन आलो तरी ऐकूनच होते. तिथे पहिल्यांदा मला ते लागलं. विचारायचं असेल तर आता विचारणार कोणाला! मुळं सुकून सुरकुतायला लागली होती, दसरा तोंडावर आला होता, आणि लोक काय म्हणणार ते मला स्वच्छ ऐकू येत होतं. बाय गेली आणि आमची झाडं बुडाली. तिच्या आयुष्यभराच्या शब्दावर शेवटी हे बसणार? मी ह्यांना म्हटलं, काही होवो, दसऱ्याला ज्याचं झाड त्याच्याच घरी जाईल. हे म्हणाले, ‘सुतक आहे. सुतकात घरातून काही द्यायचं नसतं.’ मी म्हटलं, ‘आपण द्यायचंच नाही. ज्याचं त्याने उचलावं.’ कोणतं कोणाचं ते कसं ठरवणार, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही, कारण मला ते माहीतच नव्हतं.

दसऱ्याला लोक आले. सोनं लुटायला नाही, आम्हाला भेटायला. कोणाच्याही हातात आपट्याची पानं नव्हती, नारळ नव्हता. गोदामाच्या पायऱ्यांवर बसले, बायच्या आठवणी निघाल्या, आणि झाडांचं नाव कोणी काढेना. पण प्रत्येकाची नजर तिरकी होऊन शेडमध्ये जात होती. शेवटी सबनीसकाकांनी घसा खाकरला. ‘आमचं ते… पांढऱ्या फुलांचं… म्हणजे घाई नाही हं.’ मी म्हटलं, ‘काका, ओळखा आणि न्या.’ काका आत गेले. चष्मा पुसला, पुन्हा घातला. फुलांशिवाय आणि पानांशिवाय त्यांना त्यांचं झाड ओळखू येईना. कोणालाच येईना. सगळे फुलांना ओळखत होते. पोटच्या पोरासारखं वाढवलं म्हणणारे हेच लोक, आणि तिघे जण एकाच वेळी सगळ्यात गलेलठ्ठ झाडाकडे गेले. ‘हे आमचं.’ ‘अहो, आमचंच आहे.’ आवाज चढले. बाय असती तर तिने तिघांनाही हाकललं असतं. मला रडू यायला लागलं आणि रागही येत होता. रफीकभाई रंगाच्या एका कापलेल्या ड्रमवर हात ठेवून उभे होते. ‘वहिनी, माझा डब्बा तर मी ओळखतो. झाड का पता नहीं.’

माझा डब्बा तर मी ओळखतो. हे ऐकलं आणि मी रडायची थांबले. मी जन्मभर ब्लाऊज शिवले आहेत. जुना ब्लाऊज खुंटीवर टांगलेला बघितला तरी मला त्यातली बाई सांगता येते, कारण कापड अंगाचा आकार धरतं. मी गुडघ्यांवर बसले आणि बुंधे सोडून मुळं बघायला लागले. एका झाडाची मुळं चारी बाजूंनी चपटी होती, खाली कोपरे निघालेले. ‘काका, तुमची कुंडी चौकोनी ना? सिमेंटची?’ कुंडी आणली, झाड आत सोडलं. पायाला चप्पल बसावी तसं बसलं. रफीकभाईंच्या ड्रमला आतून कंगोरे होते, ते एका झाडाच्या मुळांवर कडं घातल्यासारखे उमटले होते. माझं स्वतःचं झाड बूड फुटलेल्या लोणच्याच्या बरणीतलं, त्याच्या मुळांना बरणीसारखाच गळा आला होता. बायने कापाकापी केली होती, तरी प्रत्येकाच्या घराचा आकार कुठे ना कुठे राहिला होता. मग सगळेच बसले. भांडणारे तिघेही बसले, आणि ते गलेलठ्ठ झाड चौथ्याच कोणाचं तरी निघालं. दुपार उतरेपर्यंत आम्ही झाडं कुंड्यांत घालून बघत होतो, काढत होतो, पुन्हा घालत होतो. दोघींच्या गोल मातीच्या कुंड्या अगदी सारख्या, तिथे काही कळेना. त्यांनी आपसात ठरवलं, आत्ता एकेक नेऊ, फुलं आली की बघू, चुकलं असेल तर बदलू.

कोणी कोणाला काही दिलं नाही. ज्याचं त्याने उचललं. दाराशी येऊन सबनीसकाका कुंडी छातीशी धरून थांबले. मागचेही थांबले. दरवर्षी ह्या जागी कोणीतरी ओरडायचं, त्याची सगळ्यांना सवय होती, आणि कोणाचाच पाय पुढे पडेना. हे सुतकामुळे दिवसभर लांब, गोदामाच्या भिंतीला टेकून उभे होते. ते तिथूनच ओरडले, ‘सासरी नीट ठेवा…’ आणि तोंड भिंतीकडे वळवलं. ‘न्हायतर परत आनीन,’ पुढचं रफीकभाई म्हणाले. मग सगळे निघाले. त्या कोपऱ्याचं पुढे काय करायचं, ह्यावर आमच्या घरात अजून कोणी तोंड उघडलेलं नाही, आणि उघडलं तर मी तिथे खाट टाकून बसणार आहे.

माहेरवाशिणींच्या सगळ्या कुंड्या गेल्या आणि पोत्यावर एक झाड उरलं. तेच, खाटेजवळचं, अर्धी मुळं झाडलेलं. त्याला कुठलीच कुंडी नव्हती, कारण त्याचा तेलाचा डबा गंजून त्या पावसात फुटला होता आणि तिने फेकून दिला होता. ते तिचं गणेशपुरीचं झाड होतं. इतकी वर्षं बघत आलेली मी, पण मीसुद्धा ते फुलांवरूनच ओळखत होते. ते मी घरी आणलं. उरलेली माती मला झाडवली नाही, तशीच ठेवून लावलं. आमच्या गॅलरीत आहे. जाता-येता मी बुंध्याला अंगठा लावते. टणक आहे.

पण माझा अंगठा आता तेवढ्यावर थांबत नाही. दुपारी जेवून हे आडवे झाले, तोंडावर वर्तमानपत्र घेतलं आणि घोरणं बंद पडलं की मला घरच्या मशीनवर बसवत नाही. हातातलं काम टाकून मी जाते, पायथ्याशी उभी राहते आणि ह्यांच्या पायाचा अंगठा माझ्या अंगठ्याने दाबते. एकदा दाबून हालचाल झाली नाही तर जोरात दाबते. हे दचकून उठतात, वर्तमानपत्र खाली पडतं. ‘आंधली हायेस का गं? झोपलोय, दिसत न्हाय का?’

‘दिसतंय,’ मी म्हणते. त्या दिवशीही असंच दिसत होतं.